प्लायवुडची का असेना: नागपुरात राहून जॅझसाठी पोकळ गिटार निवडताना

"एवढे पैसे टाकून प्लायवुड काऊन घेऊ दादा?"

माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्या पोराचा हा प्रश्न. एप्रिलचा शेवट, बाहेर ४४ अंश, खिडकीत कूलर घरघरत होता. त्याच्या मोबाइलवर दोन गिटारींचे फोटो होते. पहिली जुनी, अख्ख्या स्प्रूस लाकडाचं टॉप (पुढचा पृष्ठभाग) असलेली, कोणीतरी विकायला काढलेली. दुसरी नवी, लॅमिनेटेड, म्हणजे लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली. किमती जवळपास सारख्या. त्याचा जीव अर्थातच पहिलीवर. मी कूलरकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "याच्यासाठी."

त्याला पटायला दीड तास लागला. त्या दीड तासात जे बोललो तेच इथे जरा नीट लिहितो. बजेट तीस ते पन्नास हजारांचं धरतो. त्याच्या वर गेलात तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही, आणि वीस हजारांच्या खाली असाल तर पुढचा भाग आधी वाचा.

आधी घरातल्या गिटारीला एक संधी द्या

जॅझ म्हटलं की पोटाला टेकलेली जाडजूड पोकळ गिटार डोळ्यांसमोर येते. पण टोरांटोचा जॅझ गिटारवादक एड बिकर्ट कारकिर्दीचा मोठा भाग टेलिकास्टरवर वाजवत राहिला. टेलिकास्टर म्हणजे अख्खी लाकडी फळी, पोकळपणाचा पत्ता नाही. तरी त्याचे कॉर्ड ऐकले तर फळीवर वाजलेत असं कोणी म्हणणार नाही.

म्हणून घरात कुठलीही बरी इलेक्ट्रिक गिटार असेल तर आधी एवढं करा. तिला फ्लॅटवाउंड तारा लावा. साध्या तारेवरची गुंडाळी गोल तारेची असते, बोट सरकवलं की चर्रकन आवाज येतो. फ्लॅटवाउंडची गुंडाळी चपट्या पट्टीची, त्यामुळे तार काचेसारखी गुळगुळीत लागते आणि आवाज गोल, जरासा दबका येतो. मानेकडचा पिकअप (तारांखालचं, त्यांचा आवाज पकडणारं चुंबक) निवडा, टोनचं बटण निम्म्याच्या खाली आणा, अॅम्पवरचं डिस्टॉर्शन पूर्ण बंद. दोन महिने असं वाजवा. खर्च तारांचा, साधारण दीड-दोन हजार. मी शपथेवर सांगतो, पोकळ गिटार घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना जे हवं असतं ते त्यांना इथेच मिळतं.

उरलेल्या निम्म्यांना मिळत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. पोकळ गिटारीचा स्वर लवकर उमलतो आणि लवकर विरतो. कॉर्ड मारला की तो छातीशी जाणवतो. रात्री अॅम्प न लावता सोफ्यावर बसून वाजवली तरी ऐकू येते, आणि सराव खरं तर तेव्हाच होतो. हे फळीवर मिळत नाही.

प्लायवुडची लाज कशाला

आता पोराच्या प्रश्नाचं उत्तर. व्हायोलिनसारखी एफ-छिद्रं आणि कमानदार टॉप असलेली गिब्सनची एल-५ ही गिटार १९२२ साली आली. तिचं टॉप कोरून केलेलं, अख्ख्या लाकडाचं. तेव्हा पिकअप नव्हते, बँडच्या गोंगाटातून गिटार ऐकू यायची तर लाकडानेच जोर लावायचा. १९३६ साली गिब्सनने ईएस-१५० आणली, पिकअपसकट. तीन वर्षांनी गिटारवादक चार्ली ख्रिश्चन क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडमध्ये दाखल झाला आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने सोलो घेऊ लागली.

या ईएस-१५० चं टॉपही अख्ख्या लाकडाचंच होतं. १९४९ साली गिब्सनने ईएस-१७५ काढली ती लॅमिनेटेड मेपलची. एक कारण स्वस्ताई. दुसरा फायदा असा की थरांचं टॉप जास्त ताठ असतं, अॅम्पच्या आवाजाने लवकर थरथरत नाही, त्यामुळे गिटार घुमायला, म्हणजे अॅम्पच्याच आवाजाने आपोआप हुंकारायला, लागण्याची भीती कमी. जो पास आणि जिम हॉल या जॅझ गिटारवादकांचा आवाज आपण ज्या गिटारीमुळे ओळखतो ती हीच. म्हणजे आपल्या कानात "जॅझ गिटार" म्हणून जो आवाज बसलाय त्यातला मोठा हिस्सा प्लायवुडचाच आहे. दुकानात कोणी नाक मुरडून "लॅमिनेट आहे" म्हणालं तर खुशाल हो म्हणा.

तिसरं कारण कूलर. त्याच्याकडे नंतर येतो, कारण तिथे माझी स्वतःची फजिती आहे.

जाड, पातळ आणि मधे ठोकळा असलेली

पोकळ म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारी तीन तऱ्हेच्या असतात आणि दुकानदार सगळ्यांना एकच नाव देतो.

पहिली पूर्ण पोकळ आणि जाड, तीन ते साडेतीन इंच खोलीची. खरा गोल आवाज हिचाच. घरी, छोट्या मैफिलीत, डबल बेस किंवा नुसत्या गायकासोबत हिला तोड नाही. ड्रमच्या शेजारी मोठा आवाज केला की मात्र घुमते.

दुसरी पूर्ण पोकळ पण पातळ. एपिफोनची कसिनो ही त्यातली प्रसिद्ध. १९६१ पासून बनते, तिच्यात पी-९० नावाचे सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचे, पिकअप असतात. आवाज मोकळा, थोडा खरखरीत. पातळ आहे म्हणून घुमणार नाही असं समजू नका. आत ठोकळा नाही, तेव्हा ती घुमतेच.

तिसरी सेमी-हॉलो. १९५८ सालच्या ईएस-३३५ ची ही जात. दोन्ही बाजूंना पोकळी, मधोमध लाकडाचा ठोकळा. तो ठोकळाच घुमणं बरंच रोखतो. आवाज थोडा घट्ट, स्वर जास्त वेळ टिकतो.

निवड सोपी आहे. शनिवारी ऑर्केस्ट्रात हिंदी गाणी, रविवारी सदरच्या चर्चमध्ये भजनं आणि उरलेल्या वेळात जॅझ, असं तुमचं आयुष्य असेल तर तिसरी घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. जॅझच आणि तोही घरी, तर पहिली. दुसरी तिच्यासाठीच जीव तुटत असेल तरच. पी-९० पिकअप विजेची भणभण पकडतात, आणि जुन्या महालातल्या किंवा इतवारीतल्या वाड्यात अर्थिंग धड नसलं तर कूलरची मोटर सुरू होताच अॅम्पमधून भुंग्याचा आवाज सुरू होतो. हंबकर पिकअपमध्ये दोन उलट्या कॉइल ही भणभण एकमेकींत जिरवतात. मे महिन्यात कूलर बंद करून जॅझ वाजवणारा नागपूरकर मी अजून पाहिलेला नाही.

पैशांची वाटणी

सगळे पैसे गिटारीवर टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. हातात ४५ हजार असतील तर गिटार ३६ हजारांपर्यंतच बघा. हार्ड केसचे साडेचार हजार बाजूला ठेवा, फ्लॅटवाउंड तारांचे दोन, चांगल्या सेटअपचे (मान, ब्रिज, तारांची उंची जुळवून घेण्याचे) दोन, आणि पाचशे रुपये आर्द्रता मोजणाऱ्या छोट्या यंत्राचे. बरोबर ४५ झाले. ३६ हजारांची नीट सेटअप केलेली गिटार ४५ हजारांच्या तशाच उचललेल्या गिटारीपेक्षा हमखास बरी वाजते.

या पट्ट्यात आपल्याकडे बऱ्यापैकी मिळणारी घराणी मोजकी. आयबानेझची आर्टकोअर मालिका २००२ साली सुरू झाली आणि स्वस्तातल्या पोकळ गिटारीचं गणित तिनेच बदललं. तिच्यात एएफ अक्षरांनी सुरू होणारी मॉडेल्स पूर्ण पोकळ, एएस अक्षरांची सेमी. एएफ५५ आणि एएफ७५ या दोन्ही माझ्या मते पहिली पोकळ गिटार म्हणून सुरक्षित निवड. एएफ५५ बिनचकाकीची, दिसायला साधी. पाच-सात हजार वाचत असतील तर मी तीच घेईन आणि वाचलेले पैसे अॅम्पला लावीन. एपिफोनची डॉट ही ३३५ च्या वळणाची सेमी. ग्रेचच्या स्ट्रीमलायनर मालिकेतली जी२४२० पूर्ण पोकळ आहे, दिसायला देखणी, पण तिचा आवाज मला चमकदार वाटतो, जॅझपेक्षा १९५० च्या दशकातल्या रॉकअँडरोलला जवळचा. टोन कमी करून चालवून घेता येईल. वापरलेली एपिफोन एम्परर, जो पासच्या नावाची, कुठे बऱ्या अवस्थेत दिसली तर फोन ठेवू नका.

आणि त्या आपल्या देशी, एफ-छिद्रांच्या, पाच-सात हजारांच्या गिटारी? ज्यांच्यावर आपण सगळेच "जरा जरा" हे गाणं शिकलो? त्या मनापासून आवडतात मला. पण बहुतेकींची मान बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजत नाही. भिंतीवर शोभतात.

हातात आल्यावर, अॅम्प लावायच्या आधी

सीताबर्डी आणि सदरच्या दुकानांत भिंतभर गिटारी असतात, पण त्या अकूस्टिक आणि फळीच्या. पोकळ गिटार बहुतेक मागवून घ्यावी लागते. म्हणून दोन रस्ते. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पकडून सकाळी मुंबई गाठायची आणि स्वतःच्या हाताने निवडायची. किंवा गीतांजलीने हावड्याला उतरून कोलकात्याच्या लालबाजारची वाद्यांची गल्ली पालथी घालायची. नागपूर बरोबर मधे असल्याचा हा एक फायदा. तेवढी सवड नसेल तर ऑनलाइन मागवा, पण परत करण्याच्या अटी आधी वाचा आणि खोकं उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा.

कुठूनही घ्या, तपासणी तीच. आणि ती अॅम्पशिवाय सुरू होते. दुकानदार लगेच केबल लावायला येईल. त्याला म्हणा, "भाऊ, थांबा जरा."

मोबाइलचा टॉर्च लावा आणि एफ-छिद्राची कड बघा. कापलेल्या कडेत तीन किंवा जास्त थर दिसले, मधला थर आडव्या रेषांचा, तर लॅमिनेट. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर अख्खं लाकूड. विकणारा काय सांगतो ते नंतर ऐका, कड खोटं बोलत नाही. तसाच टॉर्च आत फिरवा. आतल्या पट्ट्या टॉपला चिकटलेल्या आहेत का, गोंदाचे ओघळ कुठे सुटलेत का, कोणी आधी दुरुस्ती केलीय का.

मग गिटार डोळ्यासमोर धरा, बंदुकीसारखी, आणि खुंट्यांकडून ब्रिजकडे (धडावर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) मानेची कड बघा. वळण डावीकडे-उजवीकडे असेल, म्हणजे मान पिळलेली असेल, तर तिथेच नमस्कार करून बाहेर पडा. ते कुठल्याही ट्रस रॉडने (मानेतल्या लोखंडी सळीने) सुधारत नाही. पुढे-मागे हलकासा बाक चालतो. तो मोजायला जाड सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते तिथे एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी.

यानंतर जी गोष्ट बघायची ती फारच थोडे लोक बघतात. ब्रिज किती वर उचललेला आहे? पोकळ गिटारीचा ब्रिज दोन बारीक चकत्या फिरवून वर-खाली होतो. ब्रिज अगदी तळाला टेकलेला आणि तरीही बाराव्या फ्रेटवर तारा उंच, तर मानेचा कोन चुकलाय किंवा टॉप फुगून वर आलंय. दोन्हीचा इलाज गिटारीच्या किमतीएवढा. उलट ब्रिज मधल्या उंचीवर आणि बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन मिलिमीटरच्या आसपास, बारीक तार दीडच्या, तर तुमच्या समोर चांगली गिटार आहे. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून टॉपचा कमानीचा आकारही बघून घ्या. मधे खळगा लागता कामा नये.

मानेच्या कडेवरून तळहात सरकवा. हातरुमालाची कड अडकते तशी कातडी फ्रेटच्या टोकांना अडकली, तर फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची लाकडी पट्टी) वाळून आक्रसलाय आणि फ्रेटच्या तारा बाहेर डोकावतायत. मुंबईत डिसेंबरला बरी वाटलेली गिटार नागपुरात मे महिन्यात हेच करते. घासून मिळतं, पण किंमत पाडायला मुद्दा चांगला.

आता मुठीच्या सांध्याने टॉपवर आणि पाठीवर हलके टकटक करा. कुठे खुळखुळ आली तर ती शोधा. बहुतेकदा पिकगार्डचा सैल स्क्रू असतो, किंवा ब्रिजच्या चकत्या, किंवा आतली तार लाकडाला लागते. पट्टी सुटलेली असेल तर आवाज पोकळ, फुटक्या माठासारखा येतो.

मग वाजवा. सोलो नको, सगळेच सोलो वाजवतात. तीन कॉर्ड पुरेत, तीन-तीन तारांचे. डी मायनर सेव्हन: पाचवी तार पाचव्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी पाचव्यावर. जी सेव्हन: सहावी तार तिसऱ्यावर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर. सी मेजर सेव्हन: पाचवी तिसऱ्यावर, चौथी दुसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर. या तीन कॉर्डांत जॅझची निम्मी गाणी राहतात, आणि गिटारीचा मधला भाग उघडा पडतो. तिन्ही सूर वेगळे ऐकू येतात की गोळा होऊन येतात? तिसरी तार बाकीच्यांपेक्षा ओरडते का? साध्या तारांच्या संचात तिसरी तार बिनगुंडाळीची असते आणि पोकळ गिटारीवर ती नेहमीच जरा आगाऊ वाटते. तेवढं माफ करा, फ्लॅटवाउंड संचात ती गुंडाळलेली येते.

शेवटी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, एकेक सूर. कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं लागतात. एखादा सूर टपकन मेला किंवा एकदम फुगून आला तर लक्षात ठेवा. पोकळ गिटारीत एखादा असा सूर असतोच. तीन-चार असले तर सोडून द्या.

एवढं झाल्यावर केबल लावा. सगळी बटणं टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर मी लक्षात ठेवतो, कारण पोकळ गिटारीत बटण बदलणं म्हणजे खेळ नाही. फळीच्या गिटारीला मागे किंवा पुढे झाकण असतं. इथे सगळं एफ-छिद्रातून. मी पहिल्यांदा स्वतः बदलायला गेलो आणि बटणाखालचा पोटेन्शिओमीटर टपकन आत पडला. बाहेर काढायला सायकलचा आरा वाकवून घेतला. परत जागेवर बसवायला त्याच्या दांडीला पक्का दोरा बांधायचा, दोरा एफ-छिद्रातून आत सोडून बटणाच्या भोकातून बाहेर ओढायचा, आणि दांडी भोकात आली की श्वास रोखून नट फिरवायचा. चौथ्या खेपेला जमलं. अख्खी दुपार गेली. बायकोने दोनदा डोकावून विचारलं, "मासे धरता का?"

माझी चिरलेली गिटार, आणि कूलरचा हिशेब

आता ती फजिती. माझी पहिली पोकळ गिटार जुनी, अख्ख्या स्प्रूसची, एका ओळखीच्यांकडून घेतलेली. पहिला उन्हाळा तिने काढला. दुसऱ्या मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी आम्ही घर बंद करून बारा दिवस अमरावतीला होतो. परत आलो, केस उघडली. एफ-छिद्राच्या खालच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंत केसासारखी बारीक, सरळ चीर. दोष कोणाचा नाही, माझाच.

कारण समजून घ्या. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते. जुलै-ऑगस्टात तीच ८० च्या वर. गिटारीला मानवते ४५ ते ५५. लाकूड हवेतलं पाणी घेतं-सोडतं, आणि तेही आडव्या दिशेने जास्त. अख्ख्या लाकडाच्या टॉपला आक्रसायला जागा नसते, ते चिरतं. लॅमिनेटमध्ये शेजारशेजारच्या थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या, त्यामुळे एक थर ओढतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो. मान आणि फिंगरबोर्ड मात्र लॅमिनेट गिटारीतही हलतातच.

गंमत अशी की ज्या कूलरला आपण गिटारीचा शत्रू समजतो तो निम्मा मित्र आहे. ओल्या गवतातून आलेली हवा खोलीतली आर्द्रता ५०-६० वर नेते. कूलर चालू असलेल्या खोलीतली गिटार बंद घरातल्या गिटारीपेक्षा सुखी असते. वाईट काय, तर कूलरच्या झोतात स्टँडवर ठेवलेली गिटार, आणि दिवसभर कूलर, रात्री बंद, सकाळी परत, अशी उलटसुलट. म्हणून:

गिटार केसमध्ये, केस खोलीच्या आतल्या भिंतीला, बाहेरच्या तापलेल्या भिंतीला नाही. आर्द्रता मोजणारं यंत्र केसमध्येच ठेवा. ४० च्या खाली गेलं की साबणदाणीला भोकं पाडून ओला, घट्ट पिळलेला स्पंज तिच्यात घालून केसच्या खिशात ठेवा. थेंब टपकता कामा नये. पावसाळ्यात साबणदाणी बाहेर आणि सिलिका जेलच्या पुड्या आत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पाच मिनिटंही नको. बंद गाडीत आतलं तापमान साठच्या पुढे जातं, गोंद मऊ पडतो आणि तारांचा ताण सांधे ओढतो. अॅक्टिव्हावरून नेत असाल तर उन्ह उतरल्यावर निघा.

वर्षातून दोनदा सेटअप बघायचा. मी अक्षय्य तृतीया आणि पोळा धरतो, विसरायला होत नाही. कोरड्यात टॉप किंचित बसतं, तारा खाली येऊन फ्रेटवर खणखणतात. पावसाळ्यात टॉप फुगतं, तारा वर येतात, बोटं दुखतात.

तारा बदलताना एकच गोष्ट विसरू नका

बऱ्याच पोकळ गिटारींचा ब्रिज टॉपला चिकटवलेला नसतो. व्हायोलिनच्या घोडीसारखा तो फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो हातात येतो, आणि मग त्याची जागा कुठे होती हे देव जाणे. म्हणून आधी ब्रिजच्या पायांभोवती कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलने खूण करा. मग एकेक तार बदला, एक काढली, नवी चढवली, मग दुसरी.

पहिल्यांदा ०११ चा, म्हणजे पहिली तार ०.०११ इंच जाडीची असलेला, फ्लॅटवाउंड संच घ्या. हात रुळला की ०१२. थेट १३ वर उडी मारणारे आठवड्याभरात मनगट चोळत येतात. जाड तारा खुंट्यांजवळच्या नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत बसत नसतील तर खाचा थोड्या रुंद कराव्या लागतात. बारीक कानस आणि धीर दोन्ही नसतील तर ते काम कारागिराला द्या.

तारा बसल्या की सूर जुळवून घ्या आणि ब्रिजची जागा तपासा. बारीक पहिली तार बाराव्या फ्रेटच्या वर नुसती शिवून वाजवा, मग तिथेच दाबून. ट्यूनरवर दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजची ती बाजू मानेपासून जराशी लांब सरकवा. उतरला तर मानेकडे. तार सैल करून सरकवायचा, ताणलेल्या तारांखाली ढकलायचा नाही, टॉपवर ओरखडे पडतात. मग सहावी तार, तसंच. ब्रिज तिरका दिसेल. तिरकाच असतो.

अॅम्प आणि घुमणं

अॅम्पबद्दल थोडक्यात. घरी दहा-पंधरा वॅटचा, स्वच्छ आवाजाचा कुठलाही चालेल. जॅझला अॅम्पने काही करायचं नसतं, फक्त मोठं करायचं. कीबोर्डचा अॅम्प असेल तर तोही उत्तम. बेसचं बटण घड्याळातल्या बारावर नको, दहावर आणा. घुमायला लागलं तर आधी अॅम्पच्या समोरून बाजूला व्हा, मग अॅम्प जमिनीवरून खुर्चीवर उचला, मग एफ-छिद्रांत मऊ फोमचा तुकडा किंवा स्वच्छ पायमोजा. पायमोजा हसण्यावारी नेऊ नका, मोठ्या मंचांवरही लोक एफ-छिद्रं बंद करून वाजवतात.

त्या पोराने शेवटी लॅमिनेटच घेतली. मुंबईहून खोक्यात आली, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आम्ही दोघांनी टॉर्च लावून एफ-छिद्राची कड पाहिली, टकटक केली, पिकगार्डचा एक स्क्रू आवळला, फ्लॅटवाउंड चढवल्या. पहिला डी मायनर सेव्हन वाजला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता परत वाजवला. मग परत. पोळ्याच्या आदल्या दिवशी गिटार घेऊन हजर, "तारा वर आल्या दादा." दोन्ही चकत्या जराशा फिरवून ब्रिज खाली घेतला. चिकटपट्टीवरची पेन्सिलची खूण जागच्या जागी होती.